तांब्याच्या ब्लॉकला ॲल्युमिनियमचा रेडिएटर?

प्रश्न : संगणकासाठी घरीच वॉटर कूलिंग करतोय. प्रोसेसरवरचा ब्लॉक (ज्याच्या खाचांतून पाणी फिरून उष्णता नेतं) तांब्याचा, रेडिएटर जुन्या गाडीतला, ॲल्युमिनियमचा. नळाचं पाणी चालेल का?

उत्तर : पाण्याआधी रेडिएटर बदला. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. मीही ही चूक केली होती. काही महिन्यांनी ब्लॉक उघडला तर बारीक खाचांत पांढरट गाळ घट्ट बसलेला. फार हळहळलो. रेडिएटर तांब्या-पितळेचाच घ्या. पाणी डिस्टिल्ड, त्यात गंजरोधक द्रव. नळाच्या पाण्यातले क्षार खाचा बुजवतात. आणि कृपा करून घाई नको : मदरबोर्डला वीज न देता फक्त पंप २४ तास चालवा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून. एकही कागद ओलसर लागला, तर तो जोड पुन्हा आवळा.