अपवादाने नियम सिद्ध होतो, तो कसा?

प्रश्न : 'द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल' या इंग्रजी वचनावरून आपणही 'अपवादाने नियम सिद्ध होतो' असं सर्रास म्हणतो. पण नियमात न बसणारं उदाहरण सापडलं, तर नियम खोटा ठरायला हवा ना?

उत्तर : शंका रास्त आहे. नियमात न बसणाऱ्या उदाहरणाने नियम लंगडाच पडतो. घोळ आहे तो 'एक्सेप्शन' या शब्दात. वचन मूळचं कायद्याच्या लॅटिनमधलं. तिथे 'एक्सेप्टिओ' म्हणजे मुद्दाम वगळणं. पूर्ण वचनात पुढे 'जे वगळलेलं नाही त्याबाबत' असे शब्द येतात. वापरता वापरता ते गळाले आणि अर्थच हरवला.

वस्तुसंग्रहालयाच्या दारावर 'सोमवारी बंद' एवढीच पाटी असते. मंगळवारी उघडं असतं हे कुणी लिहीत नाही, तरी आपण मंगळवारी बिनधास्त जातो. न लिहिलेला नियम त्या पाटीनेच सांगितलेला असतो.

हा युक्तिवाद प्राचीन रोममधला वकील आणि वक्ता सिसेरो याने इ.स.पू. 56 मध्ये बाल्बसच्या खटल्यात केला होता. बाल्बस स्पेनमधल्या गादेसचा, म्हणजे आजच्या कादिझचा. त्याला रोमचं नागरिकत्व बेकायदा मिळालं, असा आरोप होता. सिसेरोचं म्हणणं असं : काही जमातींशी झालेल्या तहांत 'यांच्यातल्या कुणालाही नागरिक करून घेऊ नये' असं कलम आहे. ज्या तहात ते नाही, तिथे मुभा आहेच.

'प्रूव्ह' म्हणजे इथे 'कसोटी लावणं', असाही खुलासा हमखास ऐकू येतो. त्या क्रियापदाला तो अर्थ आहे, पण या वचनाचा उगम तो नाही; 'जे वगळलेलं नाही' या शब्दांशी तो जुळतच नाही.

आपल्याकडे संस्कृत व्याकरणात उत्सर्ग आणि अपवाद ही जोडी आहेच. उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम. अपवाद आपल्यापुरती जागा अडवतो, बाकी सगळीकडे उत्सर्ग चालतो. लॅटिन वचनाच्या हे फार जवळचं आहे.

वापरताना एकच विचारावं : हा अपवाद कुणी केला आहे, की नुसता आढळला आहे? 'आज गणवेश नसला तरी चालेल' ही सूचना केलेला अपवाद आहे. एरवी गणवेश सक्तीचा, हे तिच्यातून कळतं. पण रोज वीस विड्या ओढून नव्वदी गाठलेले आजोबा हा नुसता आढळलेला अपवाद. त्यांच्यामुळे धूम्रपानाबद्दलचं काहीही सिद्ध होत नाही. तिथे 'ते नियमाला अपवाद आहेत' एवढंच म्हणावं.