वाचकांचे प्रश्न : ऑटोक्रॉससाठी गाडीचे सस्पेन्शन

प्रश्न : माझ्याकडे २००८ सालची पेट्रोल स्विफ्ट आहे. आमच्या भागातील हौशी मंडळी बंद पडलेल्या एका जिनिंगच्या काँक्रीटच्या आवारात शंकू मांडतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावून वेळ मोजतात; यालाच ऑटोक्रॉस म्हणतात. अरुंद वळणावर स्टीअरिंग पूर्ण फिरवले तरी माझी गाडी नाकासमोर सरळ जाते आणि बाहेरचा शंकू पाडते. चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून गाडी सुमारे ४० मिमी खाली बसवावी, असे एका मेकॅनिकने सुचवले आहे. हा सल्ला मानावा काय?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : मानू नये. वेढा कापला की स्प्रिंग आखूड होते आणि उरलेले वेढे कमी असल्यामुळे ती कडकही होते. परंतु शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशोबाने बनलेले असतात. चाक हवेत लोंबकळले तर आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीतून निसटू शकते, आणि चाक वर आले तर शॉकअपची दांडी थोड्याच अंतरात रबरी स्टॉपरवर आदळते. भर वळणात पुढचा बाहेरचा स्टॉपर दबला की त्या कोपऱ्याचा कडकपणा एकाएकी अनेक पटींनी वाढतो आणि पुढच्या टायरची पकड त्याच क्षणी सुटते. म्हणजे ज्या तक्रारीवर इलाज म्हणून आपण स्प्रिंग कापणार, तीच तक्रार वाढेल.

गाडी खाली बसवण्याचा फायदा खरोखर किती, याचा हिशोब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. चालकासह गाडीचे वजन १००० किलो, गुरुत्वमध्याची उंची ५५ सेंमी आणि दोन चाकांमधील रुंदी १.४७ मीटर धरू. गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट इतक्या जोराने गाडी वळत असेल, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे ३०० किलो भार सरकतो. गाडी ४० मिमी खाली आणली तर हा आकडा सुमारे २७८ होतो. बावीस किलोंचा लाभ नगण्य नाही, पण त्यासाठी चाकाची निम्मी हालचाल गमवावी लागत असेल तर तो सौदा तोट्याचा आहे. आणखी एक गोष्ट अनेकांना पटत नाही : स्प्रिंग मऊ असो वा कडक, हा सरकणारा एकूण भार जवळजवळ तेवढाच राहतो. स्प्रिंग आणि स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचे कलणे रोखणारी पोलादी दांडी) एवढेच ठरवतात की त्यातला किती भार पुढच्या चाकांच्या जोडीने पेलायचा आणि किती मागच्या जोडीने.

आपल्या तक्रारीचे मूळ याच वाटणीत आहे. टायरवरचा भार वाढला की पकड वाढते, परंतु त्याच प्रमाणात वाढत नाही. एका मजुराच्या पाठीवर दोन पोती दिली आणि दुसऱ्याला रिकामे ठेवले, तर दोघांनी एकेक पोते वाहण्याइतके काम होत नाही, तसेच हे आहे. म्हणून ज्या जोडीत आतल्या आणि बाहेरच्या चाकांवरील भारात मोठी तफावत पडते, त्या जोडीची एकत्रित पकड घटते. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या आपल्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे असल्याने निम्म्याहून बरेच अधिक वजन मुळातच पुढे आहे, आणि वळण्याचे, ओढण्याचे व बहुतांश ब्रेक लावण्याचे कामही तीच दोन चाके करतात. म्हणून मागची बाजू तुलनेने कडक करून सरकणाऱ्या भाराचा मोठा वाटा मागच्या जोडीवर टाकला, की पुढच्या जोडीला उसंत मिळते. १९७६ मध्ये आलेली पहिली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय वळणावर आतले मागचे चाक चक्क उचलत असे. पाहणाऱ्याला ते भयावह वाटे, पण अशा गाडीच्या बाबतीत ते स्वाभाविक आहे.

आता कामाचा क्रम. आधी झिजलेले भाग बदलावेत. इतक्या वर्षांच्या गाडीत लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोके सैल नसतील तरच नवल. बुश सैल असेल तर ब्रेक दाबताच चाकाचा रोख बदलतो, आणि मग अलाइनमेंटच्या पावतीवरचे आकडे पावतीपुरतेच खरे असतात. गाडीचा कोपरा हाताने दाबून शॉकअप तपासण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र आहे, पण तिने पूर्णपणे निकामी झालेला शॉकअप तेवढा कळतो, अर्धवट गेलेला कळत नाही. शंकूंच्या रांगेतून नागमोडी जाताना गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर किती झटपट स्थिरावते हे शॉकअपच ठरवतात. त्यामुळे खर्च एकदाच करायचा असेल तर तो चांगल्या टायरवर आणि त्यानंतर चार नव्या शॉकअपवर करावा. मी स्प्रिंगला या यादीत सर्वांत शेवटी ठेवतो.

टायरमधील हवा हे फुकटचे सेटिंग आहे. टायरच्या कडेवर, जिथे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, तीन-चार ठिकाणी खडूच्या रेघा ओढाव्यात आणि एक फेरी मारून पाहावे. रेघ भिंतीपर्यंत पुसली गेली असेल तर टायर आडवा लोळतो आहे, हवा वाढवावी. नक्षीच्या कडेवरही खडू शाबूत असेल तर हवा जास्त आहे. काँक्रीटवर पुढच्या टायरमध्ये कारखान्याने दिलेल्या आकड्याच्या वर दोन-दोन पीएसआयने (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) चढत जावे, मात्र टायरवर छापलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये. गाडीचे नाक तरीही वळत नसेल तर मागच्या टायरमध्ये दोन-तीन पीएसआय अधिक भरून पाहावे. त्याने मागच्या टायरची पकड थोडी सैलावते. तापमानात साधारण सहा अंशांचा फरक पडला की हवेत सुमारे एक पीएसआयचा फरक पडतो. हिवाळ्यात सकाळी १५ अंशांत भरलेली हवा दुपारी ३३ अंशांत, गाडी न हलवताही, तीन पीएसआयने वाढलेली असते; म्हणून प्रत्येक फेरीनंतर ती मोजून वहीत लिहावी.

यानंतर चाकांचे कोन. आपल्या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवलेले आहेत. ही सुटसुटीत रचना १९५० च्या फोर्ड कॉन्सलपासून रुळली. तिची उणीव अशी की गाडी वळणात कलली की बाहेरचे चाकही तिच्याबरोबर बाहेर कलते आणि टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. गाडी फार खाली बसवली तर लोअर आर्मचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा वर जाते आणि ही उणीव आणखी वाढते. त्यावर उपाय म्हणून चाकाचा माथा आधीच आत झुकवून ठेवतात, यालाच निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा भाग) जोडणाऱ्या वरच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट बसवला तर दीड ते दोन अंश मिळू शकतात, आणि काँक्रीटवरच्या हौशी स्पर्धेला ते पुरेसे आहेत. कॅम्बर बदलला की टो, म्हणजे वरून पाहता चाकांची पुढची टोके किती आत किंवा बाहेर वळली आहेत ते, बदलतो, म्हणून टो नंतर जुळवावा. पुढच्या दोन्ही चाकांचा मिळून एक ते दोन मिलिमीटर टो-आउट (टोके बाहेर) ठेवला तर नाक चटकन वळते. त्याहून जास्त ठेवल्यास गाडी सरळ रस्त्यावर भटकू लागते आणि टायरची आतली कड लवकर झिजते.

हे मोजण्यासाठी दर वेळी शहरात जाण्याची गरज नाही. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी घेऊन चारही चाकांखालची जागा एका पातळीत आणावी, चाकाशेजारी ओळंबा सोडावा आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून दोरीपर्यंतचे अंतर मोजावे. त्या दोन कडांमध्ये ३८० मिमी अंतर असेल, तर एका अंशाला ६.६ मिमी फरक येतो. वरचे अंतर १३ मिमीने जास्त भरले तर दोन अंश निगेटिव्ह कॅम्बर आहे असे समजावे. बाजार समितीत धान्य तोलण्याचे ५०० किलो क्षमतेचे चार सारखे प्लॅटफॉर्म काटे मिळाले तर प्रत्येक चाकावरचे वजनही कळते. मात्र वजन करताना चालकाने आपल्या जागेवर बसलेले असावे, कारण या आकाराच्या गाडीत त्याचे वजन दुर्लक्ष करण्याजोगे नसते.

मागचा जादा स्टॅबिलायझर बार हा त्यापुढचा टप्पा आहे. तो बोल्टने बसणारा, बनवलेलाच घ्यावा. मागची दोन चाके जोडणाऱ्या बीमवर वेल्डिंग करू नये, कारण हा बीम वळणात पिळला जाण्यासाठीच बनवलेला असतो आणि वेल्डच्या शेजारी त्याला तडा जाऊ शकतो. एका वेळी एकच बदल करावा. आणि एक आगाऊपणाचे वाटेल, पण लिहितो : नाक न वळण्याची तक्रार बहुधा अर्धी गाडीची आणि अर्धी चालकाच्या उजव्या पायाची असते. वळणाच्या तोंडाशी थोडा लवकर ब्रेक लावून पाहावा.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत माझदा मियाटा या स्पोर्ट्स कारने ऑटोक्रॉस खेळतो. त्याने पुढचा स्टॅबिलायझर बार अधिक जाड बसवला आहे. इकडे माझा भाचा मातीच्या मैदानावर जुनी पोलो पळवतो आणि स्पर्धेच्या दिवशी पुढच्या बारच्या लिंक (बार चाकांशी जोडणाऱ्या छोट्या दांड्या) सोडून ठेवतो. आपली वेळ सुधारली असे दोघेही सांगतात. यांपैकी बरोबर कोण?
— एक वाचक, अचलपूर (जि. अमरावती)

उत्तर : दोघेही. मियाटाचे वजन पुढे-मागे जवळजवळ समसमान आहे आणि ताकद मागच्या चाकांना मिळते. पुढचा बार जाड केला की सरकणारा भार अधिक प्रमाणात पुढे पेलला जातो, वळणातून बाहेर पडताना मागचे आतले चाक जमिनीवर टिकते आणि फुकट फिरत नाही. शिवाय तिला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर आणि खाली असे दोन आर्म) असल्यामुळे गाडी कलली तरी पुढचा टायर बराचसा सपाट राहतो. तिकडच्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या ‘स्ट्रीट’ वर्गात मूळ स्प्रिंग बदलता येत नाहीत, पण शॉकअप आणि एक बार बदलता येतो. त्यामुळे तेथील स्पर्धकांचे बरेचसे कसब या दोन भागांभोवतीच फिरते.

भाच्याच्या गाडीत पुढचीच चाके ओढतात, आणि जमीन सैल आहे. बार सुटला की पुढची दोन्ही चाके एकमेकांच्या ओढीतून मोकळी होतात, आतले चाक खड्ड्यात उतरूनही जमीन धरून राहते. मुरमाच्या किंवा काळ्या मातीच्या मैदानाला मऊ स्प्रिंग, चाकाची लांब हालचाल आणि मूळ उंची किंवा थोडी अधिक उंची मानवते. कॅम्बरही एक अंशाच्या आसपास पुरतो, कारण पकडच कमी असल्याने गाडी फारशी कलत नाही. काळी माती सुकून भेगाळली असेल तर तिच्यावर कडक गाडी नुसती उड्या मारते, आणि ओली असेल तर टायरची नक्षी चिखलाने भरून जाते. अशा वेळी सस्पेन्शनचा विचार बाजूला ठेवावा आणि मैदान सुकण्याची वाट पाहावी.

भाच्याला एक सूचना अवश्य द्यावी. मोकळ्या लिंक ब्रेकच्या नळीत किंवा चाकात अडकणार नाहीत अशा बांधाव्यात, आणि घरी परतण्यापूर्वी पुन्हा जोडाव्यात. त्याचे पाहून इतरांनी मात्र घाईने पाना हाती घेऊ नये. काही जुन्या गाड्यांमध्ये हाच बार लोअर आर्मला पुढे-मागे धरून ठेवण्याचे काम करतो, आणि तिथे तो सोडला तर चाक जागेवर राहणार नाही.

प्रश्न : नवे सेटिंग तपासण्यासाठी रात्री समृद्धी महामार्गालगतच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवली तर चालेल का?
— एक वाचक, मेहकर (जि. बुलढाणा)

उत्तर : चालणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे, मग रस्ता कितीही रिकामा असो. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय करायच्या बदलांवरही बंधने आहेत. म्हणून स्पर्धेसाठी केलेले मोठे बदल घेऊन रस्त्यावर येण्यापेक्षा गाडी ट्रकवर चढवून न्यावी.

शिवाय ती चाचणी निरुपयोगीही ठरेल, कारण ऑटोक्रॉसमध्ये सरळ रस्त्यावरच्या वेगाचा संबंध फार थोडा असतो. मालकाची परवानगी घेऊन एखादे मोकळे, खासगी आवार मिळवावे, मधोमध खुंटी ठोकून १५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ चुन्याने आखावे आणि हेल्मेट व सीट बेल्ट घालून गाडी त्या रेषेवर स्थिर वेगाने फिरवावी. रेषा न सोडता फेरी ८.७ सेकंदांत पूर्ण झाली तर वेग ताशी फक्त ३९ किलोमीटर असतो, आणि गाडी गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोराने वळत असते, ९.२ सेकंद लागले तर हा आकडा ०.७१ च्या आसपास येतो. डावीकडून आणि उजवीकडून अशा दोन्ही बाजूंनी फेऱ्या घ्याव्यात. दोन बाजूंच्या वेळांत ठळक फरक आढळला, तर पुढचा कोणताही बदल करण्याआधी डाव्या-उजव्या चाकांचा कॅम्बर आणि हवा पुन्हा मोजावी.