झेलणारे खंडीभर, तरी हरता काहून?

प्रश्न : सर, माझा भाचा सिनसिनाटीला नोकरी करतो. तिथल्या बेंगल्स नावाच्या अमेरिकन फुटबॉल संघापायी तो पार वेडा झालाय. फोनवर एकच पालुपद, 'मामा, पास झेलणारे आमच्यासारखे कुणाकडेच नाहीत.' अन् लगेच, 'कालही हरलो.' झेलणारे खंडीभर आहेत, तर हरता काहून? एका संघाला असे किती जण लागतात? – एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : भाऊ, पोरगा खोटं बोलत नाही. २०२४ चा हंगाम घ्या. बेंगल्सच्या जमार चेजने १२७ झेल घेतले, त्यांतून १,७०८ यार्डांचं अंतर काढलं, १७ टचडाउन केले, म्हणजे तितक्यांदा चेंडू समोरच्याच्या टोकाच्या रेषेपार नेला. तिन्हींत साऱ्या लीगमध्ये पहिला. त्याचा जोडीदार टी हिगिन्स १७ पैकी १२च सामने खेळला, तरी १० टचडाउन. चेंडू फेकणारा गडी, नाव जो बरो, तोही यार्डांत आणि टचडाउनांत पहिला. आणि संघाचे काय? ९ विजय, ८ पराभव, बाद फेरीच्या बाहेर. पंगतीत जिलेबीचा आग्रह चाललाय अन् वरण संपलेलं, अशातली गत. बाल्टिमोरविरुद्ध एकदा ३८ गुण करून हरले, महिनाभराने ३४ करून एका गुणाने हरले. त्या दुसऱ्या सामन्यात एकट्या चेजचे २६४ यार्ड होते! झेलणारा काय करणार, समोरच्याला अडवायला तो मैदानातच नसतो. बचावाची माणसं वेगळी, अन् ती त्या वर्षी गळकी होती.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला. संघात ५३ खेळाडू असतात, एका वेळी मैदानात ११. त्यातला एक फेकणारा, पाच जण त्याच्यापुढे भिंत करून उभे. उरले पाच. नेहमीच्या खेळात झेलायला धावतात ते हेच. कुणी काठाकाठाने सुसाट पळणारा, कुणी मधल्या गर्दीत शिरून मार खात झेल घेणारा, एखादा धिप्पाड 'टाइट एंड' जो आधी धक्के देतो अन् मग हळूच सटकून चेंडू घेतो, शिवाय मागे उभा धावणारा. पाचही जण काठाने पळणारे असतील तर ती काही श्रीमंती नव्हे. घरात पाच कढया अन् तवा एकही नाही, तर पोळ्या कशावर भाजाल?

पण खरी गोम सहाव्या-सातव्या माणसात असते. मी ३१ वर्षं शाळेत पीटी शिकवली, त्यातली बरीचशी खो-खोत गेली. पळतीला तिघांतिघांची तुकडी उतरते हे तुम्हाला ठाऊक असेलच. एका वर्षी रेशीमबागेत सामना होता. आमच्या पहिल्या तुकडीने अशी पळती केली की पालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसरीने बरं निभावलं. तिसरी चाळीस सेकंदांत आटोपली. पोरं रडली, पण चूक माझी होती. सरावात मी पहिल्या तिघींनाच पळवत राहिलो. तिसऱ्या तुकडीतल्या मुली झाडाखाली बसून बाकीच्यांच्या चपला सांभाळायच्या. कागदावर माझ्याकडे तीन तुकड्या होत्या.

तिकडेही तेच. झेलणारा वळून बघायच्या आधीच फेकणाऱ्याच्या हातून चेंडू सुटलेला असतो. कितव्या पावलाला कुठे वळायचं हे दोघांच्या अंगात भिनलेलं असावं लागतं. राखीव माणसाला फेकणाऱ्यासोबत सराव मिळाला नसेल तर तो कितीही वेगवान असो, चेंडू एकीकडे अन् हा दुसरीकडे.

राखीव गडी तयार असला की काय होतं, याचं उत्तम उदाहरण २०२१ च्या हंगामातला लॉस एंजेलिस रॅम्सचा संघ. नोव्हेंबरात त्यांनी ओडेल बेकहॅम या नामवंताला घेतलं आणि त्याच आठवड्यात रॉबर्ट वुड्स हा भरवशाचा गडी गुडघा दुखावून हंगामाबाहेर गेला. अंतिम सामन्याला, म्हणजे सुपर बोलला, त्यांचा नेहमीचा टाइट एंड जायबंदी. सामन्यात बेकहॅमने एक टचडाउन केला आणि मध्यंतराआधी त्याचाही गुडघा गेला. उरला कूपर कप नावाचा झेलणारा. त्याने ८ झेल, २ टचडाउन करून सामना काढला, ही गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र ब्रायसन हॉपकिन्स लक्षात राहिला, तो बदली टाइट एंड. ऐनवेळी उतरून त्याने ४ झेल घेतले. रॅम्स २३–२० जिंकले. हरलेला संघ बेंगल्सच होता, तेव्हा भाच्यापुढे हा विषय काढू नका, तुमच्या हातचे पोहे खाणार नाही तो.

पुढे २०२३ मध्ये हाच कप सुरुवातीचे चार सामने बाहेर होता. त्याच्या गैरहजेरीत पुका नकुआ या, नव्या खेळाडूंच्या निवडीत पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर उचललेल्या नवख्याने जी सुरुवात केली, ती हंगामअखेर १०५ झेल अन् १,४८६ यार्डांवर थांबली. नवख्याचा तो तेव्हाचा विक्रम ठरला.

असे स्वस्तातले गडी शोधावेच लागतात, कारण पगाराला कमाल मर्यादा आहे. मार्च २०२५ मध्ये बेंगल्सने चेजला चार वर्षांचे १६ कोटी १० लाख डॉलर कबूल केले, हिगिन्सला ११ कोटी ५० लाख. मर्यादा त्या एका वर्षाची, संघामागे सुमारे २८ कोटी डॉलर. दोन झेलणाऱ्यांपायी किती शिल्लक राहते, याचा हिशेब भाच्याला करायला लावा. माझ्या मते हिगिन्सला ठेवलं ते बरोबर, पण त्यांनी आधी बचावाची दोन-तीन माणसं पक्की करायला हवी होती. भाचा भांडेल, भांडू द्या.

प्रश्न : ते पुढचे लठ्ठ खेळाडू कधीच झेल का घेत नाहीत? – एक विद्यार्थिनी, नंदनवन

उत्तर : नियमाने बंदी आहे, बेटा. ५० ते ७९ या क्रमांकांच्या खेळाडूला पास झेलायचा असेल तर त्याने आधी पंचांना तसं कळवावं लागतं. कधीमधी कळवतात, आणि असा दीडशे किलोचा गडी टचडाउन करतो तेव्हा सगळ्यांत मोठा आरडाओरडा त्याच्यासाठीच होतो.

प्रश्न : सुपर बोल नागपुरात कधी दिसतो? – एक वाचक, मानेवाडा

उत्तर : फेब्रुवारीतल्या सोमवारी पहाटे पाचला. मध्यंतर होईस्तोवर आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री उकळायला लागलेली असते. डबा घेऊन जा, पण मध्यंतरातच. सामना सुरू असताना गेलात तर शेवटचा झेल हुकेल.