'प्रतिकर्षण' की 'प्रतिसारण'?

नाशिकरोडच्या एका ताईंनी विचारलंय: "लेकीच्या सातवीच्या विज्ञानात स्थितिक विद्युत शिकताना 'प्रतिकर्षण' शब्द आलाय. बाबा म्हणतात, आमच्या वेळी 'प्रतिसारण' होतं. कर्षण म्हणजे ओढणं ना? मग एकमेकांना लोटण्याला प्रतिकर्षण कसं म्हणायचं?"

ताई, शंका रास्त आहे. संस्कृतात 'कृष्' म्हणजे ओढणं. नांगर ओढणंही त्यातच आलं, म्हणून 'कृषी'. आकर्षण म्हणजे आपल्याकडे ओढून घेणं. त्याला 'प्रति' लावून 'उलट दिशेची ओढ' असा अर्थ ओढूनताणून काढता येतो, पण लोटणं त्यात दिसत नाही ते नाहीच. 'प्रतिसारण'मधलं 'सारणं' मात्र आपल्या तोंडात रोज असतं. जेवून झालं की ताट सारतो, कपाळावरचे केस मागे सारतो. त्यामुळे माझं मत बाबांच्या बाजूने.

'अपकर्षण' असाही एक शब्द अधूनमधून दिसतो. तो मी टाळतो. 'अपकर्ष' म्हटलं की उत्कर्षाच्या उलट, म्हणजे अधोगती आठवते. दोन फुगे लांब गेले यात कसली आलीये अधोगती! परीक्षेत अर्थात पुस्तकातलाच शब्द लिहू दे, उगाच मार्क जायला नकोत.

घरी समजावताना मी यातला एकही शब्द न वापरता 'फटकून राहतात' म्हणेन. आता डिसेंबर आहे, हवा कोरडी आहे, लगेच करून बघा. दोन फुगे फुगवून दोऱ्याने शेजारीशेजारी टांगा आणि दोन्ही लेकीच्या कोरड्या केसांवर घासा. केसांतले इलेक्ट्रॉन फुग्यांवर येतात, दोघांवरही ऋण प्रभार (निगेटिव्ह चार्ज) साठतो आणि ते एकमेकांपासून फटकून राहतात. त्याच फुग्याजवळ तिचे केस नेले तर मात्र उठून चिकटायला येतात, कारण केसांवर धन प्रभार उरलेला असतो. श्रावणात हेच करायला गेलात तर बहुधा हसं होईल. दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावाटे निसटून जातो.

आता खरी गंमत. फुगा कागदाच्या कपट्यांजवळ नेला तर तेही चिकटतात, पण कपट्यांवर मुळात प्रभार नसतो. फुग्यावरच्या ऋण प्रभारामुळे कपट्याच्या जवळच्या बाजूला धन आणि लांबच्या बाजूला ऋण प्रभार किंचित सरकतो. जवळचा जोर भारी पडतो, म्हणून कपटा ओढला जातो. थोडक्यात, चिकटलं म्हणजे दोन्ही वस्तू प्रभारित आहेत असं नाही. लोटलं तर मात्र नक्की. म्हणून प्रभार ओळखायची पक्की खूण प्रतिसारणच.

हे लोटणं फ्रान्समध्ये द्यू फे या शास्त्रज्ञाने 1733 साली सोन्याच्या वर्खावर नीट पाहिलं. घासलेल्या काचेच्या नळीकडे वर्ख आधी झेपावला, नळीला टेकला आणि लगेच दूर उडाला. नळीने तिचाच प्रभार त्याला दिला होता. मग घासलेली राळ जवळ नेली तर वर्ख तिच्याकडे ओढला गेला. विद्युत दोन जातींची आहे हे त्याने यावरून ताडलं. आपल्याकडे अंबराला (झाडाच्या राळेचा दगड होऊन बनलेला मणी, इंग्रजीत 'अँबर') संस्कृतात 'तृणमणी' म्हणतात, घासल्यावर गवताच्या काड्या ओढतो म्हणून. नावात ओढणं आलं, लोटणं काही आलं नाही.

बाबांना आणखी एक विचारा, त्यांच्या पुस्तकात 'विद्युतभार' होता का? तिथे मात्र मी लेकीच्या बाजूने. 'भार' म्हटलं की मुलं वजनाकडे जातात. 'प्रभार' ऐकून प्रभारी मुख्याध्यापक आठवले तरी बिघडत नाही.

आणि ओझर-पिंपळगावकडे कुणी द्राक्षबागायतदार नात्यात असेल तर लेकीला इलेक्ट्रोस्टॅटिक फवारणी यंत्र दाखवायला न्या. त्यातून निघणाऱ्या सगळ्या थेंबांवर एकाच जातीचा प्रभार असतो. थेंब एकमेकांना सारत जातात, एकत्र येऊन मोठे होत नाहीत. वेल जमिनीशी जोडलेली, त्यामुळे थेंब जवळ आला की पानावर विरुद्ध प्रभार तयार होतो आणि थेंब पानाच्या पाठीलाही जाऊन बसतो. बागेत याला ना प्रतिकर्षण म्हणतात ना प्रतिसारण. तिथे एकच शब्द, 'कव्हरेज'.