कोअर रात्रभर कुठे होता?

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. क्यूसीतून (क्वालिटी कंट्रोल) क्यूएत (क्वालिटी अ‍ॅश्युरन्स) बदली झाल्याचं कळवलंस आणि विचारलंस, ‘दोन्हीकडे तपासायचंच ना, मग फरक काय?’ मला हा फरक कळायला नोकरीची सहा वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, मी क्यूसीला होतो. पाऊस लागला की पंपाच्या बॉडीत ब्लोहोल, म्हणजे वायू कोंडून पडलेली छिद्रं, वाढायची. फेटलिंग, म्हणजे ओतीव मालाची साफसफाई, होऊन कास्टिंग टेबलावर आलं की आम्ही टॉर्च मारून बघायचो, खराब मालावर लाल फुली मारायचो. त्या जुलैत मी रोज दहा तास टेबलाशी उभा असे. तरी गिऱ्हाइकाकडे मशीनिंगला दोन मिलिमीटर कातलं की आतली छिद्रं उघडी पडायची आणि आख्खा लॉट परत यायचा. साहेबांनी टेबलावर आणखी दोन माणसं दिली. पण पृष्ठभागाखालचं छिद्र चार डोळ्यांना दिसत नाही, तसं आठांनाही दिसत नाही.

रिजेक्शनचं रजिस्टर मी घरी नेऊन पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की बहुतेक फुल्या पहिल्या पाळीच्या ओतकामावर होत्या. कोअर म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी राखायला साच्यात ठेवायचा वाळूचा ठोकळा; तो बनवणाऱ्या कोअर शॉपमधल्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, “सकाळी लावता ते कोअर आदल्या दिवसाचे असतात. रात्रभर दाराजवळच्या रॅकवर असतात की.” आमचे कोअर सीओटू पद्धतीचे, म्हणजे वाळू आणि सोडियम सिलिकेटचे, कार्बन डायऑक्साइड सोडून कडक केलेले. दमट हवेत ते ओलावा ओढतात. त्यांच्याभोवती १३५०-१४०० अंशांचं लोखंड ओतलं की त्या ओलाव्याची वाफ होते, आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती धातूतच कोंडते.

मग रॅक दारापासून हलवला. प्रत्येक ट्रेवर कोअर केल्याची वेळ खडूने लिहायला लागलो. पावसाळ्यात रात्रीचा कोअर ओव्हनमध्ये तापवल्याशिवाय साच्यात ठेवायचा नाही, असं ठरलं. मोल्डिंगच्या वाळूतला ओलावा दिवसातून एकदा बघत होतो, तो दर तासाला बघू लागलो. लॉट परत येणं त्यानंतर थांबलं. टेबलावरची तपासणी होती तशीच राहिली. ती क्यूसी. बाकी जे बदललं, ते सगळं क्यूए.

आयएसओ ९००० या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकातली व्याख्या मला म्हणूनच आवडते. गुणवत्तेच्या अपेक्षा पूर्ण करण्यावर क्यूसीचा भर असतो आणि त्या पूर्ण होतील असा विश्वास देण्यावर क्यूएचा. उद्या ओतायच्या मालाबद्दल आज विश्वास द्यायचा, तर माल कसा बनतो तेच धरून बसावं लागतं. वॉल्टर शूहार्टने १९२४ साली अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत पहिला कंट्रोल चार्ट मांडला, तो याच गरजेतून. रोजचा किरकोळ चढउतार कुठला आणि खरंच काही बिघडलंय कुठे, हे काम चालू असतानाच कळावं म्हणून.

आता काळजीचं बोलतो. पुष्कळ ठिकाणी क्यूए म्हणजे फाइली असं होऊन बसलंय. ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच पेनाने महिनाभराचे ओलाव्याचे आकडे भरलेले मी पाहिलेत. तसं तुला कुणी करायला सांगितलं, तर नाही म्हण. खोटा आकडा रिकाम्या चौकटीपेक्षा घातक असतो, कारण पुढचा माणूस त्यावर भरवसा ठेवून लोखंड ओततो. आणि क्यूसीच्या पोरांना कमी लेखू नकोस. त्यांनी फुलीसमोर पाळी लिहिली नसती, तर मी कोअर शॉपपर्यंत पोचलोच नसतो.

पहिल्या आठवड्यात नवीन फॉर्म काढू नकोस. रजिस्टरमधला एकच दोष घे आणि टेबलापासून उलट चालत जा: फेटलिंग, ओतकाम, मोल्डिंग, कोअर शॉप, वाळूचा ढीग. प्रत्येक ठिकाणी काम करणाऱ्याला विचार, तो सांगेल.

तुमच्याकडे रात्रीचे कोअर कुठे ठेवतात ते बघून मला कळव. पाऊस पंधरा दिवसांवर आलाय.

तुझा,
काका