गोळीगोम, सहस्रपाद की वाणी?

प्रश्न असा आला आहे: "इंग्रजीतल्या एका निसर्गपुस्तकाचा अनुवाद करतेय. त्यात पश्चिम युरोपातल्या 'पिल मिलिपीड' या, अंगाची गोळी करणाऱ्या बहुपाद जिवावर चार पानं आहेत. लॅटिन नाव ग्लोमेरिस मार्जिनाटा. मी 'गोळीगोम' असा शब्द केला. संपादक म्हणतात, 'सहस्रपाद' लिहा. कोणता ठेवू?"

माझ्या मते दोन्ही नकोत.

आधी गोम बघू. गोम किंवा घोण म्हणजे सेंटिपीड. चपटी, चपळ, शिकार करून जगणारी आणि विषारी चावा घेणारी. तिच्या अंगाच्या प्रत्येक खंडाला पायांची एकच जोडी असते. तुमचा प्राणी पाचोळा खाऊन जगतो, सावकाश चालतो, चावत नाही, आणि त्याच्या बहुतेक खंडांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. मराठी वाचक 'गोम' वाचला की आधी पाय वर घेणार. पुढे तुम्ही चार पानं या जिवाच्या गरीब स्वभावाचं वर्णन केलंत तरी तो विश्वास ठेवायचा नाही.

'सहस्रपाद' चुकीचा नाही, पण पाठ्यपुस्तकाबाहेर तो कुणी बोलत नाही. शिवाय मला त्याची थोडी गंमत वाटते. पुरुषसूक्तातला 'सहस्रपात्' हा विराट पुरुष आहे, आणि तिथे सहस्र म्हणजे अगणित. 'मिलिपीड' या लॅटिन शब्दातलं हजारही तसंच सैल. खरोखर हजारावर पाय असलेल्या मिलिपीडचं वर्णन शास्त्रज्ञांनी थेट २०२१ मध्ये केलं. तो पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनीखाली खोल सापडला, पाय १,३०६. तुमच्या ग्लोमेरिसच्या मादीला पायांच्या जोड्या १७, नराला १९. अंड्यातून बाहेर येताना तर तीनच जोड्या असतात, बाकीच्या कात टाकत टाकत येतात. चौतीस पायांच्या जिवाला सहस्रपाद म्हणायचं आणि नवजात पिल्लाला काय म्हणायचं?

लोकांच्या तोंडी दोन शब्द आहेत: 'पैसा' आणि 'वाणी'. पावसाळ्यात अंगणात, भिंतीवर येणारा लांबट मिलिपीड काडीने डिवचला की वेटोळं करून पडतो, म्हणून पैसा. 'वाणी' शेतकऱ्यांच्या बोलण्यात आणि कृषी सल्ल्यांत नेहमी दिसतो. कपाशी-सोयाबीनची कोवळी रोपं ही कीड कुरतडते. 'वाणीचा प्रादुर्भाव' असा मथळा शहरातल्या माणसाने वाचला तर किराणा दुकानदारांवर काही संकट आलं की काय, असं त्याला वाटायचं. पण तो दोष शब्दाचा नाही.

मग 'गोळीपैसा' म्हणावं का? मलाही पहिल्यांदा तोच सुचला होता. पण पैसा चपटा असतो, आणि इथे सगळा फरक त्यातच आहे. आपला अंगणातला पैसा जिलेबीसारखा एकाच पातळीत वेटोळतो, त्याची बाजू उघडीच राहते. ग्लोमेरिस जेमतेम दोन सेंटिमीटर लांब. त्याच्या पाठीवर कमानदार बारा पट्ट्या, त्यातली शेवटची रुंद ढालीसारखी. धोका वाटला की ही ढाल पुढे येऊन डोक्यावर बसते, पट्ट्यांच्या कडा एकमेकींत चपखल जुळतात, आणि डोकं, मिशा, पाय सगळं आत. फट राहत नाही. 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण गोगलगायीपेक्षा या प्राण्याला अक्षरशः लागू पडते.

लॅटिन नाव उलगडून पाहिलंत तर अनुवादाला मदतच होईल. 'ग्लोमस' म्हणजे सुताचा गुंडा. 'मार्जिनाटा' म्हणजे काठाची. काळ्या चकचकीत पट्ट्या आणि प्रत्येकीला फिकट, कधी पिवळसर काठ, असं त्याचं रूप. साडीच्या दुकानात वाढलेल्या भाषेला यापेक्षा सोपं विशेषण कुठलं मिळणार! जर्मन लोकांनी मात्र रूपापेक्षा गुण पाहिला. ते याच्या गटाला 'झाफ्टकूगलर' म्हणतात. त्यातला 'झाफ्ट' म्हणजे रस आणि 'कूगल' म्हणजे गोळा.

हा रस काय, तर गोळी करूनही शत्रू हटला नाही की पाठीच्या मधोमध असलेल्या छिद्रांतून चिकट, कडू थेंब येतात. त्यात ग्लोमेरिन आणि होमोग्लोमेरिन ही दोन द्रव्यं असतात. त्यांची रचना १९६०च्या दशकात उलगडली. लांडगा-कोळी (वुल्फ स्पायडर) या गोळीच्या वाटेला गेला तर तो गुंगतो, काही वेळा दिवसेंदिवस हालचाल करू शकत नाही. ही द्रव्यं क्विनाझोलिनोन या रासायनिक कुळातली. याच कुळातलं मेथाक्वालोन हे झोपेचं औषध १९५१ मध्ये भारतातच प्रथम तयार झालं, आणि आपल्या खोकल्याच्या काढ्यातल्या अडुळशाचं वॅसिसीनही याच घराण्याचं लांबचं नातलग. तेव्हा म्हणीचा दुसरा अर्थही, म्हणजे दिसायला साधा पण आतून पक्का, इथे बसतो.

मग शब्दात रस आणावा का? मी आणणार नाही, आणि कारण आपल्याच घरचं आहे. सह्याद्रीत, विशेषतः त्याच्या दक्षिण भागातल्या ओल्या जंगलांत, आर्थ्रोस्फेरा नावाचे मोठे गोळी होणारे मिलिपीड आहेत. ते वेगळ्या गणातले. पाठीवरच्या पट्ट्या तेरा, आणि त्यांच्यात या रसग्रंथी नसतात. रसावरून नाव केलं तर उद्या त्यांच्यासाठी पुन्हा नवा शब्द शोधावा लागेल. गोळी मात्र दोघांनाही चालते, आणि पैसा बाद झाल्यावर तिच्या जोडीला वाणीच उरतो. आकाराचा भेद दाखवायचाच असेल तर युरोपातली ती 'गोळीवाणी' आणि सह्याद्रीतली 'गोटीवाणी' म्हणा. मिटलेला आर्थ्रोस्फेरा हातात घेतला तर मुलांच्या काचेच्या गोटीचीच आठवण होते.

तर माझं मत 'गोळीवाणी', आणि या जातीपुरतं 'काठाची गोळीवाणी'. पहिल्या उल्लेखाला लॅटिन नाव द्या, पुढे नुसतं 'गोळीवाणी' पुरे. तुमचं 'गोळीगोम अंग चोरून बसते' हे वाक्य 'बीच वृक्षांच्या पाचोळ्यात काठाची गोळीवाणी अंग मिटून पडते' असं करा. 'अंग चोरणे' याचा एक अर्थ कामचुकारपणा, आणि तो आरोप हिच्यावर करता येत नाही. पाचोळ्याची माती करण्यात हिचा मोठा हात आहे, आणि एकेक गोळीवाणी दहा-अकरा वर्षंही जगते. अंड्यांच्या परिच्छेदालाही हा शब्द साथ देईल: मादी प्रत्येक अंडं मातीच्या स्वतंत्र कवचात बंद करते, म्हणजे तीही एकेक गोळीच.

एक काम मात्र नक्की करा. छापण्याआधी पुस्तकातलं चित्र बघा. युरोपात हुबेहूब अशीच गोळी होणारा दुसरा प्राणी आहे, 'पिल वुडलाउस'. तो कुर्ली-झिंग्यांच्या कुळातला, जमिनीवर राहायला आलेला. त्याच्या भाऊबंदांतल्या एकाच्या लॅटिन नावात 'ऑफिसिनालिस', म्हणजे औषधालयातला, असा शब्द आहे, कारण जुन्या युरोपात हे जीव वाळवून खरोखर गोळीसारखे गिळत. या दोघांत भले भले फसले आहेत. १७८९ मध्ये फ्रेंच निसर्गअभ्यासक व्हिलेर्सने ग्लोमेरिसचं पहिलं वर्णन केलं तेव्हा त्यानेही ते वुडलाउसच्याच 'ओनिस्कस' या प्रजातीत घातलं होतं. ओळख सोपी आहे: चित्रात चालणाऱ्या प्राण्याला पायांच्या सातच जोड्या असतील आणि मागच्या टोकाला एका मोठ्या ढालीऐवजी लहान लहान तुकडे दिसत असतील, तर तो वुडलाउस. तसं निघालं तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवा आणि मला पुन्हा विचारा, कारण त्याला वाणी म्हणता येणार नाही.