पहिल्या केमोला जाताय ना, मग हे वाचून जा
अगं, सगळ्यात आधी हे समजून घे की दिवसभर तिथे बसून राहण्यातच जास्त वेळ जातो. आधी ब्लड रिपोर्ट बघतात, पांढऱ्या पेशी कमी असल्या तर डोस पुढे ढकलतात, रडू नकोस, होतं असं. मग उलटी आणि ॲलर्जीची औषधं देतात, त्यातल्या एकाने इतकी झोप येते की मी नेलेलं पुस्तक सहा वेळा तसंच परत आणलं, म्हणून गाडी स्वतः चालवू नकोस. सैल बाह्यांचा कपडा, शाल, लांब वायरचा चार्जर ने. सुईपाशी जळजळलं की लगेच नर्सला हाक मार, भिडेखातर गप्प बसू नकोस! औषध लाल असेल तर लघवी लालसर होते, मी उगाच घाबरले होते. घरी आल्यावर ताप १००.४ झाला तर सकाळची वाट बघू नकोस, रात्रीच फोन कर.